फ्रेंचमधलं 'आले' म्हणजे जाणे, पण हे 'आले' आलं कुठून?

मेथीची_जुडी

गेले चार दिवस एकाच शब्दाने डोकं व्यापलंय म्हणून शेवटी धागा काढते. मी पुण्यात घरीच फ्रेंचच्या बॅचेस घेते. परवा अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, मॅडम, जाणे म्हणजे 'आले' ना, मग 'मी जातो'ला 'ज् व्हे' का, आणि 'मी जाईन'ला 'जिरे' का? एकाच क्रियापदाला तीन तीन चेहरे कसे?

प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला ना, कारण बहुतेक मुलं तक्ता पाठ करून मोकळी होतात. मी तिला म्हटलं, आधी मराठीकडे बघ. 'जातो' आणि 'गेला' हे दिसायला तरी एक आहेत का? जातो हा संस्कृत 'या' धातूचा, याति वगैरे, आणि गेला आला गम् धातूच्या 'गत'वरून. दोन वेगळे धातू एका संसारात नांदतायत आणि आपल्याला जन्मात कधी खटकत नाही. तसंच फ्रेंचचं. व्हे, वा, व्हों हे लॅटिन 'वादेरे'चे, इरे-इरा हे लॅटिन 'ईरे'चे (ईरे म्हणजे जाणे, सगळ्यात जुनं आणि साधं क्रियापद), आणि तिसरा धातू 'नूझालों' (आम्ही जातो), 'व्हूझाले'मधला (तुम्ही जाता), तो आले. तिने लगेच विचारलं, तो कुठला? मी ठोकून दिलं, अंबुलारे, म्हणजे चालणे, ज्याच्यावरून ॲम्ब्युलन्स आला तोच.

घरी पुस्तकं उघडल्यावर कळलं की मी जे इतक्या ठामपणे सांगितलं ते दीडशे वर्षांहून जास्त काळ वादात आहे! आणि वाद एकट्या फ्रेंचचा नाही. इटालियन 'आंदारे', स्पॅनिश-पोर्तुगीज 'आंदार', कातालान (बार्सिलोनाकडची भाषा) आणि ऑक्सिटन (दक्षिण फ्रान्सची भाषा) 'आनार', फ्रेंच 'आले', ही सगळी रोज शंभर वेळा तोंडात येणारी क्रियापदं, अर्थ जाणे-चालणे-हिंडणे, दिसायला भावंडं, आणि तरीही ती एकाच आईची आहेत का, ती आई कोण, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. जे शब्द सगळ्यात जास्त वापरात आहेत त्यांचाच जन्मदाखला हरवावा ह्याचं मला फार नवल वाटतंय.

इथे इटली-स्पेनमधली मंडळी आहेत, संस्कृतवाले आहेत, गोव्याचे आहेत. माहितीये ते लिहा प्लीज. माझा स्वतःचा कल सध्या सगळं अंबुलारेवरूनच आलं असण्याकडे आहे, पण मन पक्कं नाहीये.

---

कृष्णाकाठ

फार सुंदर विषय. संस्कृत शिकवण्यात उभा जन्म गेला म्हणून त्या अंगाने लिहितो, लॅटिन थोडंफार स्वतःच शिकलोय.

आधी हे बघू की ईरे का मेलं. वर्तमानकाळाची रूपं मोठ्याने म्हणा: एओ, ईस, इत, ईमुस, ईतिस, एउंत. आज्ञार्थ तर नुसता 'ई'! बाजारात, गोंगाटात, लांबून हाक मारताना 'ई' म्हटलं तर ऐकू काय जाणार? शब्दाला अंगच उरलं नाही. मग लोकांनी जिथे जिथे रूप एक-दीड अक्षरी होतं तिथे तिथे भरीव शब्द घेतला, वादो, वादिस, वादित, वादुंत, आणि आज्ञार्थी वादे. लॅटिन बायबलात येशू पेत्राला सैतान म्हणत 'वादे रेत्रो' (मागे हो) म्हणतो ते आठवा, तिथे कोणी 'ई' म्हणत नाही. आइनार लोफस्टेड्ट म्हणून स्वीडिश पंडित होऊन गेले, त्यांनी उत्तरकालीन लॅटिनमधली ही गोष्ट फार बारकाईने दाखवली, की तोकडी रूपं जातात आणि लांब रूपं, म्हणजे इबात, इविसे वगैरे, टिकून राहतात.

आता ताईंच्या फ्रेंच तक्त्याकडे बघा. मी, तू, तो आणि ते ह्या चारच जागी वादेरे बसलंय, म्हणजे नेमकं जिथे ईरे तोकडं होतं तिथेच. आम्ही आणि तुम्ही ह्या दोन जागी ईमुस, ईतिस थोडी धडधाकट होती, ती मागाहून पडली आणि तिथे हा तिसरा पाहुणा येऊन बसला. इटालियनमध्येही हुबेहूब तेच, वादो-वाइ-वा-वान्नो एकीकडे आणि आंदियामो-आंदाते दुसरीकडे. पोर्तुगीजमध्ये तर आम्हीसाठी 'इमोस' आणि तुम्हीसाठी 'इदेस' ही जुनी ईरेची रूपं व्याकरणात अजून आहेत.

ह्यावरून उगम कळत नाही, पण पाहुणा कधी आणि कुठल्या दारातून घरात शिरला तेवढं कळतं.

---

सुगरण२२

वाचतेय! वाचनखूण साठवली.

---

तोरिनोकर

मी इटलीत तोरिनोला दहा वर्षं आहे, काम गाड्यांच्या कंपनीत पण भाषांचं वेड कॉलेजपासूनचं. ताई, तुमच्या अंबुलारेवर माझा आक्षेप आहे, आणि तो साधासुधा नाही.

ध्वनिबदलाचे नियम असतात, एका शब्दाला लागले की तशाच सगळ्या शब्दांना लागतात, त्यावरच तर हे शास्त्र उभं आहे. मग लॅटिनमध्ये मधल्या 'उ'सकट '-मुलारे' असलेले शब्द घ्या. त्रेमुलारे (थरथरणे) ह्याचं फ्रेंचमध्ये झालं त्राँब्ले, स्पॅनिशमध्ये तेंब्लार. सिमुलारेचं झालं साँब्ले. कुमुलारेचं झालं कोंब्ले. म्हणजे मधला 'उ' गळाला, म आणि ल शेजारी आले, आणि त्यांच्यामध्ये उच्चारायला सोपं जावं म्हणून एक 'ब' आपोआप उगवला. नसलेला ब उगवतो तिथे! आणि अंबुलारेमध्ये तर ब मुळातच आहे. मग तोच कसा काय नाहीसा होऊन 'आले' उरेल? नियमाप्रमाणे फ्रेंचमध्ये 'आंब्ले' व्हायला पाहिजे, आणि असा शब्द खरंच आहे, घोड्याच्या एका चालीसाठी (एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो ती), ऑक्सिटनमार्गे आलेला, त्यावरूनच इंग्रजी अँबल. रुमानियनमध्ये अंबुलारेचं रीतसर 'उंबला' झालंय, हिंडणे-फिरणे ह्या अर्थाने, ब जागेवर. म्हणजे अंबुलारेची औरस मुलं कोण ते आपल्याला माहितीये.

आणि 'आंदारे'त तर अजून अडचण. त्यात ल नाही, ब नाही, आणि वर 'द' आलाय. अंबुलारेमध्ये द कुठे होता?

---

मेथीची_जुडी

तोरिनोकर, त्राँब्लेचं उदाहरण वाचून मी सरळ उठून उभी राहिले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि मी रोज त्राँब्ले शिकवते!

पण मग दुसरा पर्याय काय मांडतात ते पण लिहा ना.

---

तोरिनोकर

लिहितो, जरा लांबेल.

सगळ्यात आवडता पर्याय म्हणजे *अंबितारे. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शब्दाआधी तारा म्हणजे हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, विद्वानांनी हिशोब करून मांडलंय.) अंबि म्हणजे भोवती, अंबीरे म्हणजे भोवती फिरणे, रोममध्ये निवडणुकीला उभा राहिलेला माणूस मतं मागत फिरायचा ते अंबितिओ, त्याच्यावरूनच ॲम्बिशन आलं. त्याचं 'पुन्हा पुन्हा फिरणे' ह्या अर्थाचं रूप *अंबितारे. मधला इ गळाला की अंब्तारे, मग आमदारे, मग आंदारे. स्पॅनिशपुरतं हे छान बसतं. कोमितेम (राजाचा सोबती) ह्याचं स्पॅनिशमध्ये कोंदे झालं, सेमिता (पायवाट) हिचं सेंदा झालं, लिमितेम (हद्द) ह्याचं लिंदे झालं. म आणि त जवळ आले की 'न्द'.

पण मी राहतो इटलीत! इथे कोमितेमचं 'कोंते' झालंय, त टणक राहिलाय. मग *अंबितारेचं इथे 'आंतारे' व्हायला हवं होतं, आंदारे नाही. म्हणजे स्पेनमध्ये बसतं ते इटलीत बसत नाही, आणि फ्रान्समधल्या ल ला तर हा पर्याय हातच लावत नाही.

दुसरा पर्याय पाण्यातला. आद्नारे म्हणजे पोहत पोहत जवळ येणे, त्यावरून *अन्नारे. ऐकायला विचित्र वाटेल पण जाणं-येणं ह्या अर्थाचे रोमान्स (म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या) भाषांमधले बरेच शब्द पाण्यातूनच आलेत. आर्रिव्हारे, फ्रेंच आरिव्हे, मूळ 'रिपा' म्हणजे किनारा, किनाऱ्याला लागणे. स्पॅनिश येगार (पोचणे) हा प्लिकारे म्हणजे घडी घालण्यावरून, बंदरात शिरताना शिडं गुंडाळायची म्हणून असं सांगतात, आणि गंमत म्हणजे तोच प्लिकारे रुमानियात 'प्लेका' होऊन 'निघणे' झाला. नाविकाने घडी घातली म्हणजे पोचला आणि जमिनीवरच्याने घडी घातली म्हणजे निघाला! त्यामुळे पोहण्यातून जाणं निघालं तर अर्थाच्या बाजूने आश्चर्य नाही. पण आद्नारेपासून आंदारेचा द आणि आलेचा ल काढायला परत कसरत करावी लागतेच.

तिसरा, अदितारे, म्हणजे वारंवार जवळ जाणे, मध्ये एक न घुसला असं धरायचं, जसं रेद्देरेचं रेंदेरे झालं. तिथे तो न घुसायला कारण होतं, शेजारी प्रेंदेरे (घेणे) होता, देणे-घेणे जोडीने बोलतात म्हणून एकाचा रंग दुसऱ्याला लागला. अदितारेला असा शेजारी कोण? मला नाही सापडला.

वेल्श भाषेतल्या 'एल' (जावो) ह्या रूपाकडे बोट दाखवून केल्टिककडे (रोमनांच्या आधी फ्रान्समध्ये बोललं जाणारं भाषाकुळ, वेल्शही त्यातलीच) वळणारेही आहेत, पण त्यातून फार तर फ्रान्स सुटतो, बाकी सगळे तसेच राहतात.

मला विचाराल तर फ्रेंच वेगळं आणि इटालियन-स्पॅनिश वेगळं, दोन उगम. एकच आई शोधायचा हट्ट कशाला?

---

रानजाई

मी बार्सिलोनात असते, घरात मराठी, बाहेर कातालान. मला आधी वाटायचं आमचा आनार म्हणजे इटालियन आंदारेच, द गळलेला. कारण कातालानमध्ये 'न्द'चा न होतो. लॅटिन मांदारे (आज्ञा देणे) आमच्याकडे मानार. म्हणजे आंदारचं आनार, अगदी नियमाने, प्रश्न मिटला.

पण मग मी ऑक्सिटन बघितलं. तुलूझकडे आणि प्रोव्हान्समध्ये मांदार हा मांदारच आहे, द जिथल्या तिथे. आणि तरी जाणेसाठी मात्र 'आनार'! म्हणजे तिथे द गळायचा नियम नाही आणि तरीही द नाही. मग तो आनार आंदारवरून आलेला नसणार. त्याला आधीपासूनच द नव्हता.

त्याच कारणाने रोमच्या बोलीतला 'आन्ना' हा पुरावा धरू नका कोणी, बऱ्याच ठिकाणी धरलेला दिसतो. रोममध्ये क्वांदोला क्वान्नो म्हणतात, मोंदोला मोन्नो. तिथे द गळायचाच.

म्हणजे नकाशावर असं चित्र दिसतं: पश्चिमेला पोर्तुगाल-स्पेनमध्ये न्द, पूर्वेला इटलीत न्द, मधोमध न, आणि वर उत्तरेला ल. तोरिनोकर म्हणतात तसे दोन उगम धरले तरी हा मधला न कोणाच्या पदरात घालणार? मला तरी ल, न, न्द हे तिन्ही एकाच जुन्या रूपाचे वेगवेगळे झिजलेले तुकडे वाटतात.

---

पायदळ

भाषाशास्त्र माझा प्रांत नाही पण 'आज्ञा' ह्या शब्दावर थांबलो. शाळा-कॉलेज मिळून सहा वर्षं एनसीसी केलंय. परेडवर 'सावधान' कधी नीट ऐकलंय का कोणी? 'साऽऽव' असं लांबवतात आणि शेवटचं 'धान' कानावर आदळतं, मधलं सगळं हवेत. 'तेज चल'चं तर आमच्या उस्तादांच्या तोंडून 'तेच्चल' व्हायचं. आम्ही ते 'तेच्चल' इतक्या वेळा ऐकलं की नवीन पोरं तसंच शिकायची, मूळ शब्द दोन आहेत हे त्यांना माहीतच नसायचं.

रोमन सैन्यात 'चाला'ला काय म्हणत असतील? अंबुलाते ना? रोज वीस-वीस मैल चालणाऱ्या फौजेत तो शब्द दिवसातून किती वेळा ओरडला जात असेल आणि कसा ओरडला जात असेल ह्याचा विचार करा.

---

मेथीची_जुडी

@पायदळ, तुम्ही म्हणताय तोच अंबुलारेवाल्यांचा मुख्य मुद्दा आहे! जुन्या अभ्यासकांनी पण आज्ञेचाच दाखला दिलाय, की हुकूम देताना शब्द आखडतो आणि मग ते आखडलेलं रूपच सगळीकडे पसरतं.

आणि विटोल्ड मांचाक म्हणून पोलिश भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी आयुष्यभर हेच मांडलं की फार वापरातले शब्द नियमाच्या पलीकडे झिजतात, आणि त्यांनी नेमकं आले-आंदार ह्या वादावरच 1974 मध्ये लेख लिहिला, सगळी रूपं अंबुलारेवरून. स्पॅनिशमधलं 'उस्तेद' (आपण) बघा. ते मूळ 'व्हुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा'. कुठल्या नियमाने एवढ्या मोठ्या दोन शब्दांचं उस्तेद होईल? कुठल्याच नाही. पण झालं, आणि त्याबद्दल कोणाला शंका नाही कारण मधल्या पायऱ्या कागदावर आहेत. आपल्याकडे साहेबचं सायेब आणि साब झालं तसंच. त्रेमुलारे म्हणजे थरथरणे, ते माणूस दिवसातून किती वेळा म्हणणार? 'चल, निघ, जाऊ या' हे किती वेळा म्हणणार? त्राँब्लेचा नियम खरा आहे तोरिनोकर, पण तो कमी वापरातल्या शब्दाचा नियम आहे.

आता कालपासून माझ्या मनात जे घोळतंय ते लिहिते. चालणेवरून जाणे होईल का असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी मराठीच पुढे करीन. 'कुठे चाललास?' 'पुण्याला चाललोय.' 'उद्या विमानाने दिल्लीला चालल्येय.' पाय कुठे आहेत ह्यात? विमानात बसून माणूस चाललाय! चालणेचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत जाणे झालाय आणि कोणाला तो बदल जाणवतही नाही. शिवाय उच्चार बघा, 'चाललोय' असं सगळी अक्षरं सुटी करून कोण म्हणतं, 'चाल्लोय'च म्हणतो. आणि 'चला!' तर फ्रेंच 'आलों!', इटालियन 'आंदियामो!' ह्यांचा सख्खा भाऊ. स्पॅनिशमध्ये विश्वास बसला नाही की 'आंदा!' म्हणतात, आपण म्हणतो 'चल, काहीतरीच!'

---

कृष्णाकाठ

चाललोयचं उदाहरण अप्रतिम. आता लॅटिनमधला लेखी पुरावा जोडतो, म्हणजे अर्थाची बाजू पक्की होईल.

प्लाउतुस हा इसवीसनापूर्वीचा नाटककार, त्याच्या नाटकांत साध्या माणसांचं बोलणं येतं. निघालेल्या माणसाला त्याची पात्रं 'बेने अंबुला' म्हणतात, शब्दशः 'छान चाल', पण अर्थ 'नीट जा'. एके ठिकाणी तर 'बेने अंबुला एत रेदांबुला', नीट जा आणि परत ये! आमच्या घरात आजही कोणी 'जातो' म्हटलं तर आई जिवंत असती तर रागावली असती, 'येतो' म्हणावं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या रोममध्ये उंबऱ्यावर तेच बोलत होते हे वाचून मला भरून आलं होतं. कोर्टात चल म्हणायला पण 'इन यूस अंबुला'.

मग चौथ्या शतकातली एगेरिया. ही बाई पश्चिमेकडून निघून जेरुसलेम, सिनाई असा प्रवास करून आली आणि मागे राहिलेल्या आपल्या भगिनींना सगळं पत्रातून लिहिलं. हस्तलिखिताची सुरुवात फाटलेली आहे, ते 1884 मध्ये इटलीत आरेत्सोला सापडलं. जिथून मजकूर उपलब्ध आहे तिथल्या पहिल्याच पूर्ण वाक्यात ती लिहिते की 'अंबुलांतेस', चालत चालत, आम्ही एका ठिकाणी पोचलो जिथे ते डोंगर, ज्यांच्यामधून आम्ही 'इबामुस', जात होतो, मोकळे झाले. एकाच वाक्यात अंबुलारे आणि ईरे शेजारी शेजारी! आणि ईरेचं जे रूप टिकलंय ते लांब रूप, इबामुस. लोफस्टेड्टनी 1911 साली ह्या ग्रंथावर अख्खं भाष्य लिहिलंय.

आणि मग आठव्या शतकातली राइखेनाउची शब्दसूची. उत्तर फ्रान्समध्ये केलेली, बायबल वाचताना अडू नये म्हणून जुन्या लॅटिन शब्दाला चालू शब्द दिलेला, जसं 'पुल्क्रा'ला (सुंदर) 'बेल्ला'. त्या सूचीत 'अलारे' आहे. ब नाही, म नाही, सरळ ल. म्हणजे आले तेव्हाच तयार झालेलं होतं. अंबुलारे ते अलारे ह्या दोन टोकांमधली पायरी मात्र कुठल्याच चर्मपत्रावर उतरलेली नाही, आणि सगळा वाद त्या एका न लिहिलेल्या पायरीचा आहे.

---

तोरिनोकर

काका, उंबऱ्यावरचं 'रेदांबुला' मी आज घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

ठीक आहे, फ्रेंचपुरतं मी अंबुलारे मान्य करतो. ल दोन्हीकडे आहे, अर्थ जुळतो, वापर जुळतो, झिजण्याचं कारण पटतं. पण आंदारेचा द मला अजून टोचतोय. झीज म्हटलं की काहीतरी कमी व्हायला पाहिजे. उस्तेदमध्ये अक्षरं गेली, साबमध्ये गेली, तेच्चलमध्ये गेली. आंदारेत द वाढलाय. वाढीला झीज कसं म्हणू? 'जास्त वापरला म्हणून वाटेल ते झालं' असं एकदा मान्य केलं तर मग कुठलाही शब्द कुठूनही काढता येईल आणि शास्त्र संपलंच.

---

रानजाई

@तोरिनोकर, द साठी एक वाट सुचवते, पटते का बघा. स्पॅनिशमध्ये आंदारचा भूतकाळ आज 'आंदुवे' आहे, अनियमित, एस्तार (असणे) ह्याच्या 'एस्तुवे'सारखा. पण मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये (म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये) तो 'आंदिदे' असाही होता, आणि एस्तारचा 'एस्तिदे'. हे -दिदे/-तिदे वळण लॅटिन दारे (देणे) आणि स्तारे (उभं राहणे) ह्यांच्या देदी, स्तेती अशा भूतकाळाचं आहे. म्हणजे बोलणाऱ्यांच्या मनात जाणे हे क्रियापद देणे आणि उभं राहणे ह्यांच्या पंक्तीला बसलेलं होतं. आनार-सारखं काहीतरी रूप आधी असेल आणि दार-एस्तारच्या संगतीने त्यात द आला असेल तर? तुमचंच रेंदेरे-प्रेंदेरेचं उदाहरण, एकाचा रंग दुसऱ्याला. तेव्हा तुम्ही शेजारी विचारला होता, हे शेजारी आहेत.

---

तोरिनोकर

हे मी आधी ऐकलं नव्हतं. पण उलटंही असू शकतं, द आधीपासून होता म्हणूनच ते दारेच्या वळणावर गेलं. कोंबडी की अंडं. तरी विचार करतोय.

---

मांडवीतीर

गोव्यातून लिहितो. एक पुरवणी, आणि एक चूक कोणी करू नये म्हणून.

पोर्तुगीजमध्ये आंदार नुसतं चालणं नाही. 'आंदु कांसादु' म्हणजे हल्ली दमलेलाच असतो. म्हणजे जवळपास 'असणे'. रानजाईताईंनी एस्तारची जोडी दाखवली ती म्हणूनच मला पटते, आजही ही दोन क्रियापदं शेजारीच राहतात. आणि नाम म्हणून आंदार म्हणजे इमारतीचा मजला.

आता चूक. आमच्याकडे इगर्जेच्या फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) संताची मूर्ती ज्या लाकडी चौकटीवर ठेवून खांद्यावरून नेतात तिला 'आंदोर' म्हणतात. गोवा वेल्ह्याला उपासकाळात संतांची मोठी मिरवणूक निघते तेव्हा एकामागून एक आंदोर येतात. बऱ्याच जणांचा समज की आंदोर हा आंदारवरून, चालतं म्हणून. मीही तसंच धरून चाललो होतो. पण मोन्सिन्योर सेबास्त्यांव रोदोल्फो दालगादो, आमच्या आसगावचे, 1855 चा जन्म, त्यांनी पोर्तुगीजांनी आशियातून उचललेल्या शब्दांचा दोन खंडांचा कोश केला, 1919 आणि 1921. त्यात हा शब्द भारतीय म्हणून आहे. वास्को द गामाला 1498 मध्ये कालिकतला खांद्यावरच्या ज्या पालखीवजा वाहनातून नेलं त्याच्या वर्णनात हा शब्द येतो, आणि जुन्या अभ्यासकांनी त्याचं मूळ संस्कृत 'हिंदोल' असं दिलंय. म्हणजे आपला हिंदोळा!

तेव्हा दिसायला शेजारी म्हणून नातं जोडू नये. आंदोर आणि आंदार ही एका शेतात उगवलेली वाटतात आणि एकाचं बी मलबारच्या किनाऱ्यावरून गेलेलं.

---

कृष्णाकाठ

वा बाबा! हिंदोळा लिस्बनला जाऊन संताच्या मूर्तीखाली बसला. हे माहीत नव्हतं.

ह्या निमित्ताने एक सांगतो. कृ. पां. कुलकर्ण्यांचा मराठी व्युत्पत्ति कोश 1946 चा, माझ्या टेबलावर कायम असतो. मराठीतही असे शेकडो शब्द आहेत ज्यांना आपण 'देशी' म्हणून बाजूला ठेवतो. बाराव्या शतकात हेमचंद्राने त्यांचा वेगळा कोशच केला, देशीनाममाला, कारण संस्कृतवरून ते निघत नाहीत हे त्याला दिसत होतं आणि ओढून ताणून काढायचे नाहीत एवढा प्रामाणिकपणा त्याच्याकडे होता. माझे काही विद्यार्थी 'देशी' ह्या शिक्क्याला अपयश समजायचे, मी त्यांना नेहमी विरोध केला. मांडवीतीर म्हणतात तसं खोटं नातं जोडण्यापेक्षा रिकामी जागा बरी.

---

सुगरण२२

एक शंका. मग रुमानियन लोक जाणेला काय म्हणतात? उंबला तर हिंडणे झालं.

---

तोरिनोकर

@सुगरण२२, 'मेर्जे'. लॅटिन मेर्गेरे म्हणजे बुडणे. बुडणे, मग दिसेनासं होणे, मग जाणे, असा प्रवास झाला असावा. माझ्या ऑफिसात रुमानियन सहकारी आहे, तिला सांगितलं की तू रोज बुडतेस, तर तिला आधी खरंच वाटेना, मग तिनेच कोश काढून बघितला.

---

मेथीची_जुडी

मंगळवारी बॅच आहे. त्या मुलीला सांगणारे की मागच्या वेळी मी जेवढ्या ठामपणे सांगितलं तेवढं ते ठाम नाही. फळ्यावर तीन रकाने करीन, ईरे, वादेरे, आणि तिसऱ्यावर अंबुलारे लिहून पुढे प्रश्नचिन्ह. स्पॅनिशच्या अकादमीचा कोश आंदारपुढे सरळ अंबुलारे लिहितो हेही सांगीन, आणि त्याच दमात द कुठून आला हेही विचारीन. माझं मत अजून अंबुलारेच आहे, पण आता ते फ्रेंचबद्दल पक्कं आणि आंदारबद्दल हातचं राखून. एक आई असेलच असा हट्ट सोडला, पण रानजाईच्या नकाशातला मधला न मला स्वस्थ बसू देत नाही.

सुरुवात मात्र लॅटिनने करणार नाही. आधी त्यांनाच विचारीन, क्लास सुटल्यावर आईला फोनवर काय सांगता?

---

तोरिनोकर

'निघाले', म्हणतील :) पण रकाने करताना त्राँब्ले फळ्याच्या कोपऱ्यात लिहाच ताई. तो ब त्यांना दिसू दे.

---

मेथीची_जुडी

लिहिते. त्राँब्ले, तेंब्लार आणि खाली उंबला, तिन्ही.